वरणभाताचा अपराध

आमच्या समाजात एखाद्याला दमा जडला आहे असे समजले, म्हणजे भेटावयास येणारा माणूस पहिला प्रश्न औषधाचा विचारीत नाही, "काय काय वर्ज्य केले आहे?" असे विचारतो. व्रत धरले की काही तरी सोडावे लागते. त्याच न्यायाने व्याधीपुढेही काही तरी सोडल्यावाचून ती आपल्याला सोडणार नाही, अशी आमची खोल समजूत असावी. कोणी दही सोडतो, कोणी केळे, कोणी दूध. या समजुतीला मी वर्षानुवर्षे हसत आलो. परंतु माझ्या सख्ख्या भाच्यावर प्रसंग आला तेव्हा सर्वांत कडक पथ्य मीच सांगितले, आणि तेही शास्त्राच्या नावाने. त्या चुकीची हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल; त्यांच्या पानातून काही काढून घेण्यापूर्वी माझी गोष्ट ऐकावी, एवढीच विनंती.

माझी बहीण फोंडे महालातल्या एका खेड्यात दिली आहे. तिच्या घराण्याकडे गावच्या देवळातील सेवा परंपरेने चालत आलेली आहे. तिचा हा एकुलता मुलगा. त्याला देवाने गळा चांगला दिला, आणि त्याच छातीत दमाही दिला. नऊ वर्षांचा असताना पहिला झटका आला; पुढे दर पावसाळ्यात तो पाहुण्यासारखा येऊ लागला, आणि विशीत पोचेपर्यंत घरचाच होऊन बसला. मृग लागला, भिंतींना ओल चढली, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येऊ लागला, की याच्या छातीत रात्री शिट्टी वाजू लागे. तरी सोमवारच्या पालखीला तो भजनात उभा राहायचाच. वरच्या पट्टीतली ओळ अर्ध्यावर तुटली की तो टाळ वाजवीत खाली बघे, आणि शेजारचा कोणी तरी ती ओळ पुरी करी. ते पाहून माझी बहीण मंडपातून उठून बाहेर जात असे.

आजीचे पथ्य जुनेच होते. "ताका दूद दिऊं नाका, कफ जाता," असे तिचे म्हणणे, आणि त्यापुढे कोणाचे काही चालत नसे. शिवाय कोणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या चालू होत्या. त्या पुड्यांवर नाव नव्हते, घटक लिहिलेले नव्हते. मात्र घेतल्यावर दोन दिवसांत छाती मोकळी होई, म्हणून त्यांवर सर्वांची श्रद्धा बसली होती. डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप तेवढा कपाटात पडून होता. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, आणि मुलाच्या खिशात पंप दिसला तर उद्या लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, अशी तिहेरी भीती त्याच्याभोवती होती.

आता माझा भाग. मी तीसहून अधिक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. निवृत्तीनंतर वाचन वाढले, आणि वाचनाबरोबर सल्ला देण्याची हौसही वाढली. २०२२ च्या उन्हाळ्यात दम्याविषयी वाचीत असता हिस्टामिनचा इतिहास माझ्या हाती लागला. १९१० साली डेल आणि लेडलॉ या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी या पदार्थाचे गुणधर्म तपासले, तेव्हा तो गिनिपिगच्या श्वासनलिका आवळून टाकतो असे त्यांना दिसून आले. आपल्या श्वासमार्गाच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. त्या हिस्टामिन बारीक कणांत साठवून ठेवतात, आणि धूळ, बुरशी, परागकण अशा एखाद्या न सोसणाऱ्या वस्तूची गाठ पडली की तो साठा ओततात. हे हिस्टामिन शरीर कशापासून बनविते? हिस्टिडिन नावाच्या अमिनो आम्लापासून. ते १८९६ मध्ये कोसेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले होते. हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाजूला काढला की हिस्टामिन उरते. फळ्यावर एका ओळीत लिहिता येईल इतकी ही क्रिया साधी आहे.

फळ्यावर साधी दिसते ती गोष्ट देहातही साधीच असेल, असे मास्तराला वाटते. मी ताबडतोब निष्कर्ष काढला. हिस्टिडिन येते प्रथिनांतून. प्रथिने येतात डाळ, दूध, मासळी, अंडी यांतून. तेव्हा ही कमी केली की हिस्टिडिन कमी, हिस्टिडिन कमी की हिस्टामिन कमी, आणि हिस्टामिन कमी झाले की दमा गेलाच! मी कागदावर यादी करून बहिणीला दिली. दूध आजीने बंद केलेच होते; मी त्यात डाळी, मूग, चवळी आणि मासळी घातली. आजीला प्रथमच वाटले की आपला भाऊ शिकला त्याचा काही उपयोग झाला. आजी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. त्या माझ्या आईच्या मावसबहीण लागतात, आणि मला भाऊच म्हणतात. जुने पथ्य आणि नवे शास्त्र यांचा असा मिलाफ झाल्यावर त्या मुलाच्या पानात उरले काय? भात, आंबाड्याची आमटी आणि लोणचे.

तीन महिने हे चालले. देवळात महाप्रसाद होता त्या दिवशी मी पंगतीत त्याच्या शेजारी बसलो होतो. वाढपी खतखते घेऊन आला, मुगागाठी घेऊन आला. प्रत्येक वेळी या मुलाने पानावर हात आडवा धरला. भातावर वरण घालायला आलेल्याला तर त्याने हात जोडले. प्रसादाला नाही म्हणताना त्याचा चेहरा ओशाळला होता. मला मात्र त्याच्या निग्रहाचे कौतुक वाटले. त्याचे दंड किती बारीक झाले आहेत आणि तोंड मात्र कसे सुजल्यासारखे गोल दिसते आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

श्रावणात भजनी सप्ताहाच्या तिसऱ्या रात्री प्रकार घडला. बाहेर संततधार होती, दारे लावलेली, आत ऊद आणि कापूर यांचा धूर कोंदला होता. हा मुलगा मध्येच उठून ओसरीवर गेला. मी मागोमाग गेलो, तो तो खांबाला दोन्ही हातांनी धरून पुढे वाकून बसला होता. चरकाने चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात तमकश्वासाचे वर्णन केले आहे. त्यात रोग्याला बसल्याने बरे वाटते आणि ढग, पाऊस, थंडी यांनी व्याधी वाढते असे निरीक्षण आहे. ते वर्णन मी पूर्वी कौतुकाने वाचले होते. आता डोळ्यांपुढे पाहत होतो. "मामा, दम मेळना," एवढे तीन शब्द बोलायला त्याला तीनदा थांबावे लागले.

मोटारीतून इस्पितळात पोचेपर्यंतचा रस्ता मला आजही आठवत नाही. तेथे प्राणवायू लावला, वाफेतून औषध दिले, शिरेतून औषध दिले. पहाटेपर्यंत त्याचा श्वास सावकाश खाली आला. सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी त्याचा दंड हातात धरून पाहिला आणि काय खातोस असे विचारले. माझ्या बहिणीने माझी यादी सांगितली. त्यांनी मला बाजूला बोलावले. "सर, हा सल्ला कोणी दिला?" असे त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

त्यांनी जे समजावून दिले आणि पुढे मी जे नीट वाचले, ते येथे थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट अशी की आहारातले हिस्टिडिन कमी केल्याने मास्ट पेशींतले हिस्टामिन आटत नाही. त्या पेशींना लागणारे हिस्टिडिन अगदी थोडे. ते त्यांना कोठूनही मिळते. मनुष्यदेहाच्या प्रथिनांत वीस अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः पुरेशी बनविता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. हिस्टिडिन त्या नवांपैकी आहे. प्रौढ माणसाला दररोज शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १० मिलिग्रॅम हिस्टिडिन लागते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ सालचा अंदाज आहे. ते अन्नातून आले नाही तर शरीर स्वस्थ बसत नाही. स्नायूंतील साठ्यातून आणि रक्तातील हिमोग्लोबिनमधून ते काढून घेते.

हिमोग्लोबिन हा शब्द ऐकताच माझी मान खाली गेली. माक्स पेरुत्झ यांनी या हिमोग्लोबिनची रचना उलगडून दाखविली आणि त्यासाठी केंड्र्यू यांच्यासह त्यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या रचनेत लोहाचे चार अणू असतात. श्वासातून आलेला प्राणवायू त्याच लोहाला चिकटून देहभर फिरतो. आणि ते लोह प्रथिनाशी ज्या दुव्याने बांधलेले असते, तो दुवा म्हणजे हिस्टिडिनच. शिवाय दुसरे एक हिस्टिडिन समोरच्या बाजूने प्राणवायूला आधार देते. ज्याला मी श्वासाचा वैरी ठरवून पानातून हाकलले, तोच आत बसून श्वास वाहून नेत होता. हे मी शिकविलेले होते. परंतु शिकविलेले आणि सुचलेले यांची माझ्या डोक्यात कधी भेट झाली नव्हती.

दुसरी गोष्ट पुड्यांची. डॉक्टरांना त्यांत स्टेरॉइड असल्याचा दाट संशय होता, आणि मुलाचे गोल झालेले तोंड व बारीक झालेले दंड पाहता तो रास्त होता. स्टेरॉइड जीव वाचविणारे औषध आहे. त्या रात्री इस्पितळात तेच दिले गेले. परंतु महिनोन्महिने पोटातून घेतले, तर ते स्नायूंतील प्रथिने मोडते आणि त्यांतून सुटलेल्या अमिनो आम्लांची यकृतात साखर बनू लागते. म्हणजे एकीकडून पुडी त्याचे मांस झिजवीत होती, आणि दुसरीकडून मी त्याची भरपाई करणारे वरण बंद केले होते. असे औषध एकदम सोडणेही घातक, कारण तोवर शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनविण्याचे विसरलेले असते. म्हणून डॉक्टरांनी ते देखरेखीखाली हळूहळू उतरविले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दमा म्हणजे केवळ हिस्टामिन नव्हे. तसे असते तर शिंका थांबविणाऱ्या गोळीने दमाही थांबला असता. १९७९ मध्ये स्वीडनमध्ये सॅम्युएल्सन यांच्या प्रयोगशाळेत ल्यूकोट्रायीन या द्रव्यांची रचना कळली. श्वासनलिका आवळण्यात ती हिस्टामिनपेक्षा सुमारे हजारपटीने प्रबळ आहेत. त्यांच्या घडणीत ग्लुटाथायोन लागते, आणि ग्लुटाथायोन हे ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन व ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचे बनलेले असते. परंतु हेच ग्लुटाथायोन फुप्फुसाच्या अस्तराचे धुरापासून आणि दाहापासून रक्षणही करते. टायरोसिनचे पाहा. त्यापासून आपले शरीर अॅड्रेनलिन बनविते, आणि अॅड्रेनलिन श्वासनलिका उघडते. झटक्याच्या वेळी ओढावयाच्या पंपातील सालब्युटामॉल त्याच घडणीवर बेतलेले आहे. टायरोसिन हे नाव ग्रीक भाषेतील चीज या अर्थाच्या शब्दावरून पडले. दुधाच्या पदार्थात ते प्रथम सापडले म्हणून. आजीने ज्या दुधाला हद्दपार केले, त्याच्याच घरातले हे मूल!

आर्जिनिनची गोष्ट तर अधिक विलक्षण आहे. त्यापासून शरीर नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनविते. थोड्या प्रमाणात तो श्वासनलिकेचे स्नायू सैल ठेवतो. परंतु दम्याच्या दाहात अस्तरातील पेशी तो वाजवीपेक्षा फार बनवू लागतात. म्हणूनच डॉक्टर आता रोग्याला सुमारे दहा सेकंद एका यंत्रात संथपणे फुंकर घालावयास सांगतात. उच्छ्वासात हा वायू अब्जात ५० भागांहून अधिक आढळला, तर आतील ॲलर्जीजन्य दाह पेटलेला आहे असे प्रौढांच्या बाबतीत मानतात. त्याच वेळी आर्जिनेज नावाचे दुसरे विकर, म्हणजे ज्याला आपण एंझाइम म्हणतो ते, चेवते आणि तेच आर्जिनिन दुसरीकडे ओढून नेते. तिकडे त्यातून जी द्रव्ये बनतात त्यांनी नलिकेची भिंत जाड होते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दम्याच्या रोग्यांच्या रक्तात आर्जिनेजची क्रिया वाढलेली आणि आर्जिनिन घटलेले आढळले. म्हणजे एका जागी पूर आणि दुसरीकडे टंचाई, आणि दोन्ही एकाच पाण्याची.

आमच्या खाजन शेतीत बांधाला मानस असते. तिची दारे भरती-ओहोटीबरोबर उघडमीट करतात, खारे पाणी बाहेर ठेवतात आणि पावसाचे पाणी नदीत सोडतात. मानस नादुरुस्त झाली की शेत खारावते. त्या वेळी शहाणा शेतकरी नदी बंद करा असे म्हणत नाही. तो दारे दुरुस्त करतो. मी नदी बंद करावयास निघालो होतो.

इस्पितळातून घरी आल्यावर आणखी एक गंमत झाली. भाच्याच्या एका मित्राने व्यायामशाळेशेजारच्या दुकानातून अमिनो आम्लांच्या भुकटीचा भलामोठा डबा आणून दिला. अमिनो आम्ल कमी पडली होती, तर आता ही घे! माझ्या चुकीचीच ही उलट बाजू होती. आर्जिनिन कमी पडते, तर आर्जिनिन वरून द्यावे, असा विचार शास्त्रज्ञांनीही करून पाहिला आहे. परंतु तीव्र दम्याच्या रोग्यांवर केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत झटके त्यामुळे लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. दारे बिघडलेली असताना अधिक पाणी सोडून शेत सुधारत नाही. तो डबा आम्ही परत केला. डॉक्टरांनी सांगितले ते इतकेच: भात आणि डाळ एकत्र, दूध किंवा दही, सोसत असेल तर मासळी. भातात जे लायसिन कमी असते ते डाळ पुरविते, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी असते ते भात पुरवितो. देवळातल्या पंगतीत वाढला जातो तोच हा जोड. एखाद्या पदार्थाची ॲलर्जी तपासून सिद्ध झाली असेल, तर तो पदार्थ मात्र कटाक्षाने टाळावा. अंदाजाने टाळू नये.

आणि दारे दुरुस्त कशी करावयाची? त्यासाठी तो कपाटातला पंप होता. त्यातील स्टेरॉइड थेट श्वासनलिकेत जाऊन दाह शमविते, आणि रोज नियमाने घेतले तरच काम करते. झटक्याच्या वेळी प्रेडनिसोलोनची गोळी दिवसाला सुमारे ४० मिलिग्रॅम देतात; पंपाच्या एका फवाऱ्यात ब्युडेसोनाइड असते साधारण २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने त्याच्या दोनशेव्या भागाइतके. सवयीची भीती आम्ही पुड्यांना बाळगावयास हवी होती. ती बाळगली पंपाला! नुसता झटक्यापुरता पंप ओढून दाहाकडे दुर्लक्ष करणे पुरेसे नाही, हे दम्यासंबंधीच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. फवारा घेतल्यावर चूळ भरावी म्हणजे तोंड येत नाही, एवढे एक लहानसे पथ्य तेवढे पाळावे लागते. वर्ज्यच करावयाचे तर धूर वर्ज्य करावा. देवळाच्या मंडळींनी हे फार समजुतीने घेतले. सप्ताहात आता एक बाजूचे दार पावसातही उघडे राहते, आणि ऊद भजन संपल्यावर जाळतात. देवाची तक्रार अद्याप आलेली नाही.

भाच्याचा दमा गेलेला नाही. तो जाणारा रोग नव्हे. ताब्यात राहणारा आहे, आणि बहुतेक महिने तो ताब्यात राहतो. २०२३ च्या सप्ताहात त्याने पुन्हा टाळ हाती घेतले. वरच्या पट्टीतली ती ओळ त्याने एका दमात म्हटली. पुढची एक तुटली, तेव्हा त्याने सदऱ्याच्या खिशातून पंप काढला, सर्वांदेखत ओढला, आणि पुढच्या कडव्याला तो पुन्हा सामील झाला. माझी बहीण मंडपातून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी पंगतीत मी पुन्हा त्याच्या शेजारी बसलो. वरण घेऊन वाढपी आला आणि गेल्या वर्षीची आठवण ठेवून पुढे जाऊ लागला. मुलाने त्याला थांबविले. मग माझ्याकडे पाहून हसत म्हणाला, "मामा, घेऊ ना?"

त्याने मला विचारायला नको होते. परंतु विचारले, हे बरे झाले. मी वाढप्याच्या हातातली पळी घेतली आणि त्याच्या भातावर दोनदा वरण वाढले.